बिगारी

बडोद्यातील मराठी वस्तीचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतके पालटले आहे की, दांडियाबाजारातील किंवा रावपुऱ्यातील ज्या गल्ल्यांत आमच्या आजोबांचे बालपण गेले, त्या त्यांनाही आता ओळखू येईनाशा झाल्या आहेत. चौकाचे वाडे गेले, त्यांचे सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात विकल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी चार-पाच मजल्यांच्या सदनिका उभ्या राहिल्या. शहराच्या सीमेवर तर शेतेच्या शेते इमारतींखाली आली. ह्या पालटाविषयी आमच्या घरांत पुष्कळ बोलणे होते. जागेचे भाव, बांधणाऱ्याने दिलेला आणि न पाळलेला शब्द, पहिल्याच पावसाळ्यात गळू लागलेली गच्ची, हे विषय रात्रीच्या जेवणाला पुरून उरतात. मात्र ज्यांच्या डोक्यावरून ह्या सर्व विटा, वाळू आणि खडी वर गेली, त्या माणसांचा विषय सहसा निघत नाही. त्यांना आम्ही एका शब्दात आटोपतो. तो शब्द म्हणजे ‘बिगारी’.

शब्द जुना आहे आणि त्याचे कूळ चांगले नाही. ‘बेगार’ हा फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ मोबदल्यावाचून सक्तीने करवून घेतलेले काम. त्यावरूनच मराठीत ‘वेठबिगार’ झाला. सरकारी कामगाराचा घोडा गावातून चालला की त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहून नेण्यास ज्याला धरीत, तो बिगारी. भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगारीस बंदी केली. परंतु शब्दास बंदी कोण करणार? तो बांधकामावर जाऊन बसला. गवंड्याच्या हाताखाली माल देणारा, घमेली वाहणारा, पाणी मारणारा, पाया खणणारा तो बिगारी, आणि त्याचे काम ‘अकुशल’, असे आम्ही म्हणतो व सरकारी कागदही म्हणतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या वेळी शाळेच्या पहिल्या पायरीला ‘बिगरी’ म्हणत. त्या बिगरीतून वर्षाअखेर पुढच्या इयत्तेत जाता येई. ह्या बिगारीतून वरच्या इयत्तेत जाणारे किती, हे पुढे पाहू.

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास कोणत्याही मोठ्या चौकातून शाळेकडे येणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी कडियानाका पाहिलेला आहे. ‘कडियो’ म्हणजे गुजरातीत गवंडी. त्याच्या नावाचा हा नाका. वस्तुतः तेथे उभ्या असलेल्यांत गवंडी थोडे आणि बिगारी फार. ज्याच्या पिशवीतून थापीची मूठ, ओळंब्याची दोरी किंवा पाणसळीचे टोक बाहेर डोकावते तो गवंडी. ज्याच्या हाती केवळ जेवणाचा डबा व गळ्यात पंचा तो बिगारी. स्त्रियांच्या हाती पुष्कळदा मूल असते. एखादी मोटार किंवा दुचाकी थांबली की दहा-वीस जण तिच्याभोवती गोळा होतात. किती माणसे, काय काम, किती रोज, एवढ्या तीन प्रश्नांत दिवसाचा निकाल लागतो. साडेनऊ-दहा वाजले की उरलेल्यांनी समजावे, आज चूल उद्याच्या भरवशावर आहे. भाजीपाला सायंकाळी तरी स्वस्तात विकला जातो. न विकला गेलेला दिवस मात्र कोणत्याच भावाने विकत नाही.

ही माणसे येतात कोठून? बडोद्यात आणि अहमदाबाद-सुरतेकडेही त्यांतील बरीचशी दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूर, आणि मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर ह्या डोंगराळ पट्ट्यांतून येतात. बहुतेक भिल्ल व तत्सम आदिवासी. त्यांची जमीन थोडी, उताराची आणि पावसावर अवलंबून. मक्याचे पीक निघाले, दिवाळी झाली की घराला काटे लावून कुटुंबेच्या कुटुंबे शहराकडे निघतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात, तेव्हा कितीही मोठा ठेकेदार असो, त्याचे काम थंडावते. कारण त्या दिवसांत घरी न जाणारा माणूस आपल्या लोकांत माणूस गणला जात नाही. मग पुन्हा परत, आणि मृगाच्या सुमारास पेरणीसाठी पुन्हा गावी. शहरातील कॅलेंडरावर ज्यांना ‘सुट्टी घेऊन पळून जाणारे मजूर’ म्हणतात, ते खरे पाहता शेतकरी आहेत आणि आपल्या शेताच्या पंचांगानेच चालतात.

आता कामाकडे वळू. विटांचेच घ्या. साधी भाजलेली वीट सुमारे तीन किलो भरते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी आणि पाटीवर दहा विटा रचल्या की तीस किलोंचे ओझे झाले. तिसऱ्या मजल्यावर एक हजार विटा चढवावयाच्या आहेत व चौघी बाया त्या कामावर आहेत असे धरू. शंभर खेपा, प्रत्येकीच्या वाट्याला पंचवीस. मजला तीन मीटरांचा धरला तर एका खेपेस नऊ मीटर चढण, आणि पंचवीस खेपांस सव्वादोनशे मीटर. आमच्या पावागडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच आहे. म्हणजे असे चार दिवस काम केले की ती बाई तीस किलो डोक्यावर घेऊन पावागडाहून अधिक चढली. आणि उतरली ती वेगळीच. हे केवळ एका हजार विटांचे गणित. तेवढ्याने कोणाचाही दिवस संपत नाही. सहलीच्या दिवशी पाठीवर पाण्याची बाटली घेऊन पावागड चढताना आमच्यापैकी कितीजण मध्येच बसले होते, हे येथे लिहीत नाही. ज्यांचे त्यांस ठाऊक आहे.

केवळ ओझ्याचा प्रश्न असता तरी ‘अकुशल’ हा शब्द एकवेळ सोसता आला असता. परंतु ओझे ही त्या कामाची अर्धीच बाजू आहे. स्लॅब भरण्याचा दिवस ज्यांनी नीट पाहिला असेल त्यांना आमचे म्हणणे पटेल. सिमेंटात पाणी पडले की ते घट्ट होऊ लागते. कालवलेला माल फार वेळ ठेवता येत नाही, आणि एकदा आरंभिलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही, कारण जेथे सांधा राहील तेथून पुढे गळती लागण्याचे भय. म्हणून मिक्सरपासून वरच्या टोकापर्यंत माणसांची साखळी लागते व घमेले हातोहात जाते. साखळीतील एकाचा ताल चुकला तर मागे माल साचतो आणि पुढे गवंडी रिकामा बसतो. सळयांच्या जाळीवरून चालताना पाय कोठे ठेवावा, जाळी खाली दबू नये, भरले घमेले झेलताना कंबर कशी वळवावी, हे पुस्तकात लिहिलेले नाही. ते अंगात मुरावे लागते. यंत्रे आली, मालवाहू लिफ्ट आली, मोठ्या कामांवर पंपाने काँक्रीट वर जाऊ लागले, हे खरे. तरी शहरातील लहानमोठी असंख्य घरे आजही मुख्यतः घमेल्याच्याच बळावर उभी राहत आहेत.

पाण्याची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. मालात पाणी थोडे अधिक झाले की तो सैल होतो, ओढावयास सोपा जातो, आणि वाळल्यावर कच्चा राहतो. मिक्सरजवळ उभ्या असलेल्या मजुराच्या डब्यावर ते अवलंबून असते. पुढे स्लॅब भरून झाला की त्यावर मालाचे लहान बांध घालून पाणी साठवावयाचे किंवा ओली बारदाने अंथरावयाची. साध्या सिमेंटाच्या कामास निदान सात दिवस तो ओला राहिलाच पाहिजे आणि त्याची ठरलेली शक्ती अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. त्या सात दिवसांत ऐन दुपारी नळी घेऊन वर जाणारी बाई जर एक दिवस विसरली, तर लाखो रुपयांच्या छताला तडे जाण्याची शक्यता. ज्याच्या विसरण्याने एवढी हानी होऊ शकते, त्याचे काम कौशल्यावाचूनचे कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोणी दिलेले नाही. आम्हांस असे वाटते की, ‘अकुशल’ ही कामाची पारख नसून मजुरीचा दर खाली ठेवण्याची एक सोय आहे.

ह्या कामाचे भय आम्ही दुरून पाहतो म्हणून आम्हांस कळत नाही. कठडा नसलेली गच्ची, फळ्या न टाकलेला लिफ्टचा खड्डा, सुतळीने बांधलेल्या बांबूंची परांची, तिच्या शेजारून गेलेली विजेची तार. पाया खणताना बाजूची माती ढासळते हे तर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते, त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. बाजूंना फळ्यांचा आधार दिला की हे टळते. आणि फळ्यांना लागणारा पैसा काही फार नसतो. शिरस्त्राण व कमरेचा पट्टा हे अधिकारी येण्याच्या दिवशी दिसतात आणि संध्याकाळी कोठीत परत जातात, असा अनुभव सांगणारे थोडे नाहीत.

जे एकदम दिसत नाही ते आणखी वाईट. ओले सिमेंट दाहक असते. त्यात उघड्या पायांनी उभे राहिले, उघड्या हातांनी ते उचलले की कातडी फुटते, भेगा पडतात, काहींना कायमची खाज जडते. फरशी व ग्रॅनाइट यंत्राने कापताना जो पांढरा धुरळा उडतो त्यात गारेचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात व परत येत नाहीत. सिलिकोसिस नावाचा हा रोग बरा होत नाही. झाबुआ-अलीराजपूरकडील जे मजूर गोधरा-बालासिनोर भागात गारेचे दगड दळण्याच्या कारखान्यांत कामास गेले, त्यांतील कितीतरी तरुण वयात ह्या रोगाने गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. हे काम बांधकामाचे नव्हते, पण माणसे त्याच गावांची आणि धूळ त्याच जातीची. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ खाली बसते. एवढाच उपाय आहे, आणि तोही कोणी सांगितल्याशिवाय होत नाही.

स्त्रियांविषयी वेगळे लिहावे लागेल. पुष्कळ ठिकाणी नवराबायको मिळून ‘जोडी’ म्हणून कामास लावतात आणि मजुरी नवऱ्याच्या हाती देतात. तिचा रोज त्याच्याहून कमी. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला तरी कमीच. दिवसभर घमेले वाहिल्यावर चूल, पाणी, मूल ही पाळी तिचीच. आणि सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, पुरुष बिगारी पाच-सात वर्षे गवंड्याच्या हाताखाली राहिला, हुशार असला, तर एक दिवस थापी त्याच्या हाती येते; स्त्रीच्या हाती ती येत नाही. वीस वर्षांची असताना जे घमेले तिने उचलले तेच चाळिसाव्या वर्षी तिच्या डोक्यावर असते. आम्ही वर ज्या वरच्या इयत्तेविषयी बोललो तिचे दार अर्ध्या वर्गाला मुळातच बंद आहे. ते उघडता येते, हे मात्र सिद्ध झालेले आहे. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापिलेल्या ‘सेवा’ संस्थेने बांधकामावरील स्त्रियांना गवंडीकामाचे शिक्षण देऊन दाखविले. बडोद्याला तर हातच्या विद्येची परंपरा ह्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या कलाभवनाची स्थापना केली, ज्यात दादासाहेब फाळके शिकले, तेथे सुतारकाम आणि रंगकाम ह्यांना विद्येचा मान मिळाला होता. त्या शहरात थापी धरणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असाव्यात, हे आम्हांस शोभत नाही.

कोणी म्हणेल, त्यांना येथे कोणी बांधून आणले आहे काय? गावी जे मिळाले नसते ते येथे मिळते, म्हणूनच ती येतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शहरातील मजुरीतून गावच्या घरावर कौले चढली आहेत, सावकाराचे कागद फाटले आहेत, धाकट्या भावाची फी भरली गेली आहे. परंतु ‘स्वखुशीने’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मोठमोठी बांधकामे चालली होती. तेथील मजुरांना दिवसाला सव्वानऊ रुपये किमान वेतन ठरलेले असताना जमादार त्यांतून रुपया कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात असे सांगितले की, उपासमारीमुळे दुसरा मार्ग उरला नाही म्हणून जो माणूस किमान वेतनाहून कमी पैशांवर राबतो, त्याचे काम हेही सक्तीचेच काम होय आणि घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा तो भंग आहे. म्हणजे ‘बिगारी’ शब्दाचा जुना अर्थ अद्याप मेलेला नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनानेच नोंदवून ठेविले आहे. त्याच निकालात बांधकाम हे धोक्याचे काम असून चौदा वर्षांखालील मुलांना त्यावर लावता येणार नाही, असेही म्हटले आहे.

कायद्यांची उणीव आहे असे नाही. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदे केले. बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर घेऊन तो मजुरांच्या कल्याणासाठी वेगळा ठेवावयाचा, अशी योजना त्यांत होती. हे कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांत सामावले गेले. उपकराची तरतूद तशीच राहिली आहे. अठरा ते साठ वर्षे वयाचा आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबलेला मजूर नाव नोंदवू शकतो. मग अपघात, आजारपण, बाळंतपण, मुलांचे शिक्षण ह्यांसाठी साहाय्याचा तो अधिकारी होतो. पैसा जमला नाही असेही नाही. २०१८ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्यात असे नमूद आहे की, देशभरात सदतीस हजार चारशे कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला आणि त्यांतील केवळ साडेनऊ हजार कोटींच्या आसपास रक्कम मजुरांच्या कामी आली. चार रुपये जमा व्हावेत, एक रुपया पोहोचावा, आणि तीन रुपये वाट पाहत बसावेत! गुजरातेत ह्याच निधीतून कडियानाक्यांवर स्वस्त भोजनाची सोय २०१७ साली सुरू झाली; महामारीत ती बंद पडली व २०२२ च्या ऑक्टोबरात पाच रुपयांत जेवण ह्या रूपाने पुन्हा आरंभिली गेली. ही चांगली गोष्ट आहे आणि चांगल्या गोष्टीला चांगले म्हटलेच पाहिजे. परंतु नाव नोंदविण्यासाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. जो माणूस सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी आणि बुधवारी कोठेच नाही, त्याला हा दाखला द्यावयाचा कोणी?

येथे आमचा, म्हणजे आमच्या कुटुंबांचा, संबंध येतो. मोठ्या इमारतीचा ठेकेदार दूर असतो. परंतु स्वयंपाकघराचा ओटा बदलणे, गच्चीवर खोली चढविणे, न्हाणीघराची फरशी काढणे ही कामे आमच्याच घरी चालतात आणि तेवढ्या दिवसांपुरते आम्हीच मालक असतो. त्या दिवसांतील आमचे वर्तन आम्ही मनाशी पडताळून पाहावे. पिण्याचे पाणी मागितल्यावर ते कोणत्या भांड्यातून दिले जाते? दिवसभर काम करणारी बाई शौचास कोठे जाते, हे घरातील कोणी विचारते काय? ठरलेल्या रोजातून संध्याकाळी ‘आज काम कमी झाले’ म्हणून पन्नास रुपये कापणारे आमच्या आप्तांत नाहीत काय? ज्या हातांनी भाजीवालीशी दोन रुपयांची घासाघीस करावयाची सवय लागली, तेच हात येथेही पुढे होतात. तेव्हा, काम संपल्यावर किती दिवस व कोणते काम झाले हे एका कागदावर लिहून, खाली सही व तारीख घालून त्या माणसाच्या हाती द्यावे. आम्हांस दोन मिनिटे लागतील. त्याच्या नव्वद दिवसांत तेवढे दिवस तरी कागदावर येतील.

आणि बोलण्याविषयी. पन्नाशी उलटलेल्या मजुराला आमच्यातील सातवीचा विद्यार्थी ‘ए, तो पाइप बाजूला घे’ असे म्हणतो आणि घरातील वडील माणसे ते ऐकून घेतात. आमच्या बोलीत काका, मामा, मावशी हे शब्द कमी पडलेले नाहीत. येथल्या गुजरातीत काका, मासी आहेत. रिक्षावाल्याला आम्ही ‘काका’ म्हणतो, शाळेच्या शिपायाला ‘मामा’ म्हणतो. मग घमेले वाहणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणताना जीभ का अडखळावी? गवंड्याला ‘मिस्त्री’ म्हणून मान मिळतो. बिगाऱ्याला नाव विचारण्याचीही आम्हांस आठवण राहत नाही.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि बांधकामे एका रात्रीत थांबली, तेव्हा हीच माणसे चालत निघाली. बडोद्याहून दाहोद सुमारे दीडशे किलोमीटर. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. तेव्हा आम्ही लहान होतो व खिडकीतून रस्ता पाहत होतो. वडील माणसे हळहळली, काहींनी शिदोरी दिली, पाणी दिले. पण एक प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही: ज्यांनी इतकी घरे बांधली त्यांना त्या रात्री राहावयास एकही घर शहरात का नव्हते? उत्तर साधे आहे. इमारत बांधून होईपर्यंत मजूर तिच्याच पोटात राहतो. भिंती झाल्या, पण दारे नाहीत. खिडक्यांच्या जागी पोती. एका कोपऱ्यात तीन विटांची चूल आणि दोन खांबांच्या मध्ये साडीची झोळी. दारांना कड्या बसल्या, रंग लागला की त्याने तेथून निघावयाचे. घर राहण्याजोगे झाले की राहणारा बेघर होतो.

त्या झोळीतील मूल मोठे होते आणि वाळूच्या ढिगावर खेळू लागते. मोठ्या कामांवर पाळणाघर असावे, असे १९९६ च्या कायद्यातही होते; पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्या तर ते बंधनकारक होते. लहान कामावर पन्नास स्त्रिया कधीच नसतात, म्हणून ते मूल वाळूवरच राहते. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली; पुढे मुंबई-पुण्याकडेही ती पोहोचली. जेथे काम तेथे पाळणाघर, आणि काम हलले की पाळणाघरही हलले. आमच्या मते बांधकामावरील मुलांसाठी ह्याहून शहाणी कल्पना आजवर कोणी काढलेली नाही.

सहा वर्षांवरील मुलांचा प्रश्न आमच्या अधिक जवळचा आहे, कारण ती आमच्याच वयाकडे येत आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हे आम्ही दर वर्षी भाषणांत सांगतो, निबंधांत लिहितो, त्यावर बक्षिसे मिळवितो. आणि शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर चालू असलेल्या बांधकामावर सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत दिवसभर बसलेली असते. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते; पण ती तेथे नसते. गुजरातेत स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे चालविली गेली. आजी-आजोबांजवळ राहून शिकणारी मुलेही आहेत. जी तरीही येथे येतात त्यांचे काय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ह्याचे उत्तर स्पष्ट लिहिलेले आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाले म्हणूनही नाकारता येत नाही. ही मुले घरी भिली बोलतात आणि गुजराती समजतात. तेव्हा त्यांना आमच्या मराठी शाळेत आणून बसविण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या गुजराती शाळा जवळपास सर्व वस्त्यांत आहेत. अडचण शाळेची नसून मुलाला तेथपर्यंत हाताशी धरून नेणाऱ्याची आहे. आईबाप सात वाजता कामास लागतात. प्रवेशाचा अर्ज कोठे मिळतो हे त्यांना ठाऊक नसते, आणि एक दिवस काम बुडविले तर रोज बुडतो.

दिवाळीनंतर ही कुटुंबे शहरात परत येतात, आणि आमचे दुसरे सत्र नेमके त्याच सुमारास सुरू होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी, वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन, सत्राच्या पहिल्याच शनिवारी शाळेच्या आसपासची बांधकामे पाहून यावीत. तेथे सहा ते चौदा वर्षांची किती मुले आहेत, त्यांची नावे काय, गावी कितवीत होती, हे वहीत उतरून घ्यावे, आणि ती यादी मुख्याध्यापकांच्या पत्रासह जवळच्या गुजराती शाळेत नेऊन द्यावी. होळीपर्यंत चार महिने मिळतात. तेवढ्यात एका मुलाला अक्षरओळख होऊ शकते, आणि गावी परतताना येथल्या शाळेने दिलेला हजेरीचा कागद त्याच्या आईच्या बोचक्यात राहू शकतो.